गौरीची यादी रिकामी

आज ऑफिसात माझा जो जळफळाट झाला, तो इथे ओतते. ऐकून घ्या.

आमचं कोथरूडमधलं छोटं ऑफिस, कॅलेंडरं-पत्रिकांची डिझाइनं करणारं. कामांची यादी प्रत्येकीने साध्या नोटपॅडच्या फाइलीत ठेवायची. आज मीटिंगमध्ये सरांनी शेजारच्या टेबलावरच्या गौरीची फाइल पडद्यावर लावली. चार-पाच ओळी, बस. झालेलं काम ती लगेच पुसून टाकते म्हणे.

मग माझी लावली. खाली सरकवता सरकवता सरांचा चहा संपला. "मॅडम, ही यादी आहे की पोथी?" सगळे हसले. गौरी जरा जास्तच गोड हसली.

दुपारी मी चडफडत फाइल साफ करायला बसले. कुठल्या गिऱ्हाइकाला काय आवडलं, कोण कशावर चिडलं, वर्षानुवर्षांचं सगळं सिलेक्ट केलं. डिलीटवर बोट ठेवलं, तेवढ्यात गौरी खुर्ची सरकवत आली.

"अगं, त्या बाणेरच्या काकांनी गेल्या वेळी कुठला रंग नको म्हटलं होतं? तुझ्या फाइलीत असेल बघ."

होतं. जांभळा. तिने काकांना मेल केला, आपल्या यादीतली ओळ पुसली आणि आळस देत म्हणाली, "चला, यादी रिकामी."

मी बोट उचललं. फाइल आहे तशीच आहे, जळफळाटही.

तुमच्या ओळखीत आहे का हो अशी कोणी, जिचं घर आरशासारखं लख्ख असतं, कारण तिचा माळा तुमच्या घरी आहे?