खडस सांभाळणाऱ्या सातार्डेकर बाई

डॉ. विजया सातार्डेकर यांची आणि माझी पहिली भेट घाटकोपरच्या आमच्या महाविद्यालयात झाली. मी प्राणिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होतो. पाहुण्यांचे व्याख्यान ठरले होते आणि श्रोते नव्हते, म्हणून विभागप्रमुखांनी घरी निघालेल्या आम्हां वीस-पंचवीस जणांना दारातच अडवून वर्गात बसवले. बाई आल्या, खडूने फळ्यावर एक मोठ्या खवल्यांचा मासा काढला आणि म्हणाल्या, "हा खडस. पुस्तकात तुम्ही याला महसीर म्हणता. तुमच्यापैकी जिवंत मासा हातात कोणी धरलाय?"

माझे आजोळ वेंगुर्ल्याचे. मी हात वर केला.

"कुठला?"

"बांगडा."

"जिवंत होता?"

"म्हणजे... जवळजवळ."

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "रविवारी बोरीवलीला ये. जिवंत धरायला शिकवते."

मी गेलो, आणि आज तीस वर्षे होत आली, तिथेच आहे.

बाईंच्या अमृतमहोत्सवी गौरवग्रंथासाठी लेख द्या म्हणून संपादक मंडळाने मला तीनदा फोन केला. दोनदा मी कामाचे निमित्त सांगितले. काम खरेच होते, पण कारण ते नव्हते. बाईंबद्दल लिहायचे तर एक गोष्ट लिहावी लागते, आणि ती लिहायचे मी बरीच वर्षे टाळत आलो आहे. ती पुढे येईलच.

आमचे केंद्र बोरीवलीत, डोंगराच्या पायथ्याशी, शेवटच्या सोसायटीच्या भिंतीपलीकडे आहे. आठ सिमेंटच्या टाक्या, एक पत्र्याची शेड, एक विहीर. एका धर्मादाय न्यासाने ते सुरू केले आणि पहिल्या दिवसापासून बाई त्याच्या प्रमुख आहेत. सह्याद्रीतून उतरणाऱ्या नद्यांच्या डोहांत एके काळी खडस भरपूर असायचा. मग धरणे झाली, वाळू उपसली गेली, आणि एका दुपारीत घमेलेभर मासे मिळवण्यासाठी लोक डोहात ब्लीचिंग पावडर ओतू लागले. डोहच्या डोह रिकामे झाले. उरलेल्या माशांतले काही आणायचे, वाढवायचे, त्यांची अंडी उबवायची आणि पिल्ले पुन्हा नदीत सोडायची, एवढेच आमचे काम. लिहिताना एक ओळ लागते. करताना माणसाची उमेदीची वर्षे लागतात.

पहिली काही वर्षे तर आमच्या माद्या अंड्यावरच येत नव्हत्या. आल्या तेव्हा अंडी बुरशीने गेली. खडसाचे अंडे पिवळेधमक असते. बुरशी लागली की ते पांढरे पडते आणि त्याभोवती कापसासारखे तंतू वाढतात. मग शेजारचे अंडे, मग त्याच्या शेजारचे. बाई ट्रेवर वाकून, कोंबडीच्या पिसाने एकेक मेलेले अंडे अलगद बाजूला सारत बसायच्या. सकाळी बसल्या की दुपारच्या जेवणालाच उठायच्या आणि जेवून पुन्हा बसायच्या. मी एकदा वैतागून म्हणालो, "बाई, यातून काय हाती लागणार आहे? सगळी जाणारच आहेत."

"असतील," त्या म्हणाल्या. "पण जातायत ती मला बघू देत. पुढल्या वर्षी कुठून गेली ते तरी कळेल."

त्या वर्षी सगळी गेली. पुढल्या वर्षी थोडी वाचली.

बाईंचे वडील मालवणहून येऊन गिरणीत लागलेले. घरात मालवणीच बोलली जायची. केंद्रात बाई आमच्याशी शुद्ध, मोजके बोलतात, पण एखादी नवी आणलेली मादी चार-चार दिवस खात नाही, तेव्हा टाकीच्या कठड्याला टेकून त्या तिला म्हणतात, "खा गो बाय, किती वाट बघूची तुझी?" हे आम्ही ऐकले आहे असे आम्ही त्यांना कधी सांगितलेले नाही. आता कळेल.

त्यांचा स्वभाव लोकांना कडक वाटतो. एकदा पिल्ले सोडण्याच्या कार्यक्रमाला एक मोठे पाहुणे यायचे होते. त्यांच्या कार्यालयातून निरोप आला की साहेब दुपारी बाराला येतील, फोटोसाठी मासे तयार ठेवा. बाराच्या उन्हात नदीकाठचे पाणी तापलेले असते. पिल्ले तिथे तग धरत नाहीत. बाईंनी आम्हांला घेऊन सूर्य उगवायच्या सुमारास सगळी पिल्ले सोडून दिली. बारा वाजता पाहुणे आले. रिकाम्या पिशव्या बघून त्यांचे सचिव घाबरेघुबरे झाले. "मॅडम, मासे?"

"गेले की नदीत. साहेबांच्या हस्ते नारळ सोडूया. त्याला ऊन लागत नाही."

पाहुण्यांनी मुकाट्याने नारळ सोडला. त्यानंतर न्यासाच्या अध्यक्षांनी बाईंना बोलावून घेतले आणि बराच वेळ सुनावले. बाहेर आल्यावर त्या मला एवढेच म्हणाल्या, "चल, टाकी नंबर तीन घासायचीय."

आता ती गोष्ट.

केंद्रात विहिरीचे पाणी चालते. विहीर आटली तर नळाचे पाणी घ्यावे लागते, पण त्यात क्लोरीन असतो. म्हणून ते दोन दिवस उघड्या टाकीत ठेवून मगच माशांना द्यायचे, हा आमचा पहिला नियम. त्या उन्हाळ्यात माझे वडील घाटकोपरला रुग्णालयात होते. मी आठवडाभर तिथल्या बाकावर झोपत होतो आणि सकाळी तिथूनच केंद्रात येत होतो. एका सकाळी विहिरीचा पंप बंद पडलेला दिसला. मी त्या दोन दिवस ठेवलेल्या पाण्याच्या टाकीची झडप उघडली, असे मला वाटले. उघडली होती थेट नळाची. मग खुर्चीत टेकलो आणि माझा डोळा लागला.

जाग आली ती पाण्याच्या आवाजाने. आमच्या पाच जुन्या माद्या एकाच टाकीत होत्या. कित्येक वर्षांच्या खटपटीनंतर अंड्यावर आलेल्या, सगळ्या केंद्राचा आधार असलेल्या त्या पाच. त्या पाण्यावर तोंडे काढून आचके देत होत्या. मी झडप बंद केली, त्यांना दुसऱ्या टाकीत हलवायला धावलो. चार माझ्या हातात गेल्या. पाचवी कशीबशी श्वास घेत होती.

बाई आल्या. त्यांनी टाकीकडे पाहिले, झडपेकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. मी बोलायला लागलो, तर त्यांनी हात वर करून मला थांबवले. "वडील कसे आहेत?"

"बाई, माझ्यामुळे..."

"वडील कसे आहेत विचारलं मी."

"बरे नाहीत."

"मग तू इथे काय करतोयस? जा. इथलं मी बघते."

मी गेलो. चौथ्या दिवशी वडील वारले. सगळे विधी उरकून मी परतलो, तेव्हा टाकी रिकामी होती. मी विचारले, "पाचवी?" बाई म्हणाल्या, "ती आता इथे नाही." दुसऱ्या एखाद्या केंद्राला सांभाळायला दिली असेल, असे मी धरून चाललो. खरे म्हणजे मला तसे धरून चालणे सोयीचे होते.

न्यासाची बैठक झाली. मी दाराबाहेर बसलो होतो आणि आतले सगळे ऐकू येत होते. अध्यक्षांनी विचारले, "झडप कोणी उघडली?" बाई म्हणाल्या, "केंद्राची चूक आहे. केंद्र माझ्या ताब्यात आहे." "नाव सांगा." "सांगितलं ना. माझं लिहा." मला उठून आत जाता आले असते. दार उघडेच होते. नुकतेच वडील गेले होते, आई एकटी होती, नोकरी गेली तर काय, असे सगळे विचार माझ्या डोक्यात होते, आणि ते खोटेही नव्हते. पण मी उठलो नाही, एवढे खरे.

बाईंचे प्रमुखपद काढून घेतले. बाहेरून एक प्रशासक आणले. ज्यांनी हे केंद्र उभे केले त्या बाईंचे टेबल खाद्याच्या कोठीशेजारी सरकवले गेले, आणि दोन वर्षे त्या आम्हां सगळ्यांबरोबर रोज सकाळी हजेरीपटावर सही करत राहिल्या. माझ्यासमोर त्यांनी तो विषय कधी काढला नाही. मीही काढला नाही. प्रशासक कंटाळून गेले, तेव्हा न्यासाने बाईंना पुन्हा विचारले. त्यांनी "येते" म्हटले आणि आल्या. पहिल्याच दिवशी नळाच्या झडपेला दोन कुलुपे बसवून घेतली, एक किल्ली एका सहकाऱ्याकडे दिली, दुसरी स्वतःकडे ठेवली. म्हणाल्या, "माणूस दमणारच. दमलेल्या माणसाच्या एकट्याच्या हातात ती झडप नको."

हा लेख लिहायचे ठरवल्यावर मी त्यांना फोन केला. म्हणालो, "बाई, मी ते चार माद्यांचं लिहिणार आहे. माझ्या नावानं."

त्या म्हणाल्या, "लिही. पण आकडा बरोबर लिही. पाच."

"पाच?"

"पाचवी दुसऱ्या दिवशी सकाळी गेली. नोंदवहीत आहे. तू ते पान कधी उघडलंच नाहीस."

खरे आहे. मी उघडले नव्हते. परवा उघडले. त्यांच्या बारीक, उभट अक्षरात पाचही नोंदी आहेत, वजनासकट. कारणाच्या रकान्यात 'क्लोरीन' आहे. माणसाचे नाव कुठेच नाही.

पुढचेही सांगायला हवे, कारण पाच माद्या गेल्यावर केंद्रात उबवायला काही उरलेच नव्हते. त्या माद्या घाटाखालच्या एका गावातून आणलेल्या होत्या. तिथे देवीच्या देवळाखाली नदीत एक कुंड आहे. त्यातले खडस देवीचे, म्हणून गावात त्यांना कोणी हात लावत नाही. पदावर परत आल्यावर बाई मला घेऊन तिथे गेल्या. गावातले जाणते भिवा आबा देवळाच्या पायरीवर बसले होते. त्यांनी विचारले, "मागल्या टायमाला नेलेली कशी हायत?"

मला वाटले, बाई काहीतरी सांभाळून बोलतील. बाई म्हणाल्या, "मेली. आमच्या हातून मेली." त्यात पाचवीही आली, हे मी तेव्हाही मनावर घेतले नाही.

आबा म्हणाले, "मग परत कशी देऊ, बाई? देवीला काय सांगू?"

आम्ही रिकाम्या हाताने परतलो. गाडीत मी चिडून म्हणालो, "सांगायची काय गरज होती?"

"विचारलं त्यांनी."

"म्हणून?"

"म्हणून सांगितलं." आणि त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या.

पुढल्या वर्षी आम्ही पुन्हा गेलो. आबांनी चहा दिला, मासे दिले नाहीत. त्यानंतरच्या वर्षीही तेच. टाक्या कोरड्या, शेडमध्ये कोळ्यांची जाळी. न्यासाच्या बैठकीत केंद्र बंद करण्याचा विषय दर वेळी निघायचा. मी त्या काळात दुसरीकडे अर्जही केले होते. बाईंना ते ठाऊक होते. एका अर्जासोबतचे शिफारसपत्र त्यांनीच लिहून दिले, आणि फार चांगले लिहिले. ते वाचल्यावर मी तो अर्ज पाठवला नाही.

मग एके दिवशी भिवा आबा स्वतः बोरीवलीला आले. बरोबर कोणी नव्हते. पत्ता विचारत, शेवटच्या सोसायटीच्या रखवालदाराशी हुज्जत घालून ते शेडपर्यंत पोचले. बाईंनी त्यांना खुर्ची दिली, तर ते खाली फरशीवरच बसले. म्हणाले, "वरल्या अंगाला कोणी पावडर टाकली. कुंडातली निम्मी उलटी झाली. आम्ही राखतोय म्हनत बसलो, आन् आमच्या देखत गेली." मग म्हणाले, "आता तुमचं नि आमचं सारखंच झालं, बाई. ऱ्हायलेली न्या."

बाई त्यांच्यासमोर फरशीवर बसल्या. मी चहा आणायला म्हणून बाहेर गेलो आणि उगीचच उशीर लावला.

त्या उरलेल्या माशांपासून आमचे काम पुन्हा सुरू झाले. अंडी आली, गेली, पुन्हा आली, टिकली. पहिली पिल्ले आम्ही त्याच कुंडात सोडली. गावाने ढोल आणला होता, भिवा आबा देवळात उभे होते. शेवटची पिशवी रिकामी झाली आणि आम्ही मागे वळून पाहिले, तर बाई काठावरच्या एका खडकावर बसल्या-बसल्या झोपी गेल्या होत्या. मान एका बाजूला कललेली, चष्मा हातात. ढोल थांबवायला सांगावा का, असे कोणीतरी विचारले. आबा म्हणाले, "वाजू द्या. तिला काय बी ऐकू येत न्हाय." आम्ही त्यांना तासभर उठवले नाही.

आज त्या कुंडात खडस आहेत. वरच्या दोन डोहांत सोडलेले टिकले नाहीत. का, ते अजून कळलेले नाही. दोन ठिकाणी पुन्हा पावडर पडली. बाईंच्या पंचाहत्तरीला आम्ही यापेक्षा चांगली बातमी द्यायला हवी होती. पण आमच्याजवळ हीच आहे. खडस वाचला असे बाई कधीही म्हणत नाहीत, आणि कोणी म्हटले तर त्या विषय बदलतात.

मी स्वतः आता पन्नाशी ओलांडली आहे. सकाळी केंद्राचा चढ चढताना दोनदा थांबतो. बाई माझ्या आधी पोचलेल्या असतात. डॉक्टरांनी त्यांना थंड पाण्यात उभे राहायला सक्त मनाई केली आहे. गुडघ्यांची तक्रार जुनी आहे, एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, दुसऱ्याची त्या 'हा हंगाम झाला की' म्हणून पुढे ढकलत आहेत. हंगाम दर वर्षी येतो.

म्हणून या ग्रंथाच्या निमित्ताने, आम्हां सर्व सहकाऱ्यांच्या वतीने, बाईंना एक विनंती आणि एक सदिच्छा. विनंती अशी की झडपेची दुसरी किल्ली त्यांनी आता आमच्यातल्या कोणाकडे तरी द्यावी. आम्ही जागे राहू. सदिच्छा अशी की त्यांना शतायुष्य लाभो, दोन्ही डोळ्यांनी लख्ख दिसत राहो, आणि त्या पुष्कळ वर्षांतली निदान काही वर्षे तरी त्यांना घरी खुर्चीत, कोरड्या पायांनी बसायला मिळोत.