ओळीच्या शेवटी उरलेला सुरुंग

बातमी माझ्याच टेबलावर आली. पांढरकवड्याचा वार्ताहर दुपारी फोनवर सांगत होता आणि मी रोजच्यासारखं उतरवून घेत होतो. 'लढवय्ये व मनमिळाऊ माजी सैनिक, हवालदार किसन भगत यांचे हृदयविकाराने निधन.' एवढं सांगून तो थांबला. "सर, हे तुमचे सासरेच ना हो?" मी हो म्हटलं. सुनंदाचा, म्हणजे माझ्या बायकोचा, फोन त्याआधी दहा मिनिटं येऊन गेला होता. मी 'लढवय्ये' ठेवला आणि 'मनमिळाऊ' काढला. निधनवार्तेत तो शब्द सगळ्यांनाच मिळतो, पण त्यांच्या नावापुढे छापला असता तर केळापूरच्या बाजूची निम्मी माणसं हसली असती.

त्याला आता सात आठवडे झाले. पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात सगळे चांगलं बोलले. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी नाही म्हणालो, कारण मला जे सांगायचं होतं ते पाच मिनिटांत बसणारं नव्हतं आणि तिथल्या हार घातलेल्या फोटोला शोभणारंही नव्हतं.

आमचं पटत नव्हतं, हे आधी लिहिलेलं बरं. सोयरीक ठरताना त्यांनी माझ्या तोंडावर विचारलं होतं, "पेपरात काम म्हंजे काम हाय का थे? दुसऱ्याच्या घरी काय झालं थे लिहाचं!" मी त्यांना मामाजी म्हणायचो, ते मला जवाईबुवा म्हणायचे, आणि दोघांच्याही तोंडात ते शब्द खड्यासारखे लागायचे. घरात त्यांचा मुलगा प्रकाश त्यांच्यासमोर बसत नसे. शेजारचे त्यांच्या धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, बैल नेत नसत. पुढे कापसाची वाईट वर्षं आली. त्या वर्षांत माझं काम म्हणजे एकेका गावी जाऊन, ओसरीवर बसून, जीव दिलेल्या माणसाचं नाव, वय आणि शेत विचारणं. एकदा त्यासाठी मला सासऱ्यांच्याच गावी जावं लागलं. गेलेला माणूस त्यांच्या शेजारचा, त्यांच्याच वयाचा. त्याची बायको दारात बसलेली होती. मामाजी अंगणाच्या मधोमध उभे राहून मोठ्याने म्हणाले, "पळाला. मोर्चा सोडून पळाला." मी सगळ्यांसमोर म्हटलं, "मामाजी, गप्प बसा." त्यानंतर दोन वर्षं मी त्या घरचं पाणी प्यायलो नाही, आणि कोणी बोलावलंही नाही.

दरवर्षी नोव्हेंबरात त्यांना पलटणीचं कार्ड यायचं. एकाहत्तरच्या लढाईत ते पंजाबच्या सरहद्दीवर होते. तिथल्या एका गावाबाहेर पलटणीचं स्मारक आहे आणि डिसेंबरात तिथे लढाईचा दिवस पाळतात. हे कार्ड ते न वाचता चुलीत घालायचे. गावाला वाटायचं, फौजेवर राग असेल. मग एका वर्षी कार्ड चुलीत गेलं नाही. छातीचं दुखणं निघालं होतं, डॉक्टरांनी चढउतार बंद केले होते, आणि त्यांनी घरात जाहीर केलं की आपण जाणार. सोबत एक माणूस न्यायला परवानगी होती. प्रकाश म्हणाला, "बाबा, वेचनी चालू हाय, बाया भेटून नाही राह्यल्या, मी कसा येऊ?" डिसेंबरात वेचणी सोडून पंजाबला जायला खरंच कोणी तयार झालं नसतं. मग सुनंदा मला म्हणाली, "तुम्ही जा. बोलू नका त्यांच्याशी, पण जा."

नागपूरहून गाडीत बसलो. ते खिडकीशी, मी समोर. पदकं त्यांनी हातरुमालात बांधून खिशात ठेवली होती आणि दर स्टेशनाला खिसा चाचपत होते. भोपाळ गेल्यावर पहिलं वाक्य बोलले. "जवाईबुवा, तुमाले बोलाचं नसन तं नका बोलू. पन उतरतानी मले हात नका देऊ. लोकं पाह्यतेत." मी म्हटलं, "पडलात तर?" ते म्हणाले, "तं पेपरात टाका."

स्मारकाजवळ धुकं इतकं होतं की झेंडा दिसत नव्हता, फक्त काठी दिसत होती. शामियान्यात खुर्च्या मांडलेल्या, खुर्चीवर नावाच्या चिठ्ठ्या. म्हातारे सैनिक एकमेकांना मिठ्या मारत होते. मामाजींनी रुमाल सोडून पदकं छातीवर लावली. त्यांना दोघांनी ओळखलं, "अरे भगत!" म्हणाले. त्यांनी नुसता सलाम केला. बिगुल वाजला, सगळे शांत उभे राहिले, आणि पुष्पचक्रासाठी नावं पुकारायला सुरुवात झाली. तेव्हा ते उठले आणि उलट्या बाजूने, गावाकडे चालू लागले. मी मागे गेलो. "तुमी बसा, च्या प्या," ते न वळता म्हणाले. मी बसलो नाही. गावाच्या तोंडाशी एका बाईला त्यांनी विचारलं, "वो जिसका पैर गया था, कहाँ रहता है?" बाईने नाव न विचारता बोट दाखवलं.

गुरबचन नावाचा तो शेतकरी विहिरीजवळ बाजेवर बसला होता. मामाजींपेक्षा थोडा मोठा. डावा पाय गुडघ्याखाली नकली, बाजेला टेकवून ठेवलेला. बाजूला त्याचा मुलगा ट्रॅक्टर धूत होता. मामाजी त्याच्यासमोर सावधानमध्ये उभे राहिले, नाव आणि नंबर सांगितला, आणि फौजी हिंदीत बोलू लागले. ते जे बोलले ते मीही पहिल्यांदाच ऐकत होतो.

लढाईच्या आधी या शेतांत सुरुंग पेरायचे होते. गाठी मारलेली दोरी जमिनीवर टाकायची, प्रत्येक गाठीला एक खड्डा, खड्ड्यात एक सुरुंग, आणि किती टाकले ते कागदावर. अंधार पडायच्या आत संपवायचं होतं. मामाजींच्या वाट्याला आलेल्या शेवटच्या ओळीला दोरी उरली नव्हती. त्यांनी ती ओळ पावलांनी मोजली, गावी सरकी टोबतात तशी... एक पाऊल, एक खड्डा. पाऊल गाठीपेक्षा थोडं लांब पडलं. ओळ संपली आणि हातात एक सुरुंग उरला. तो परत करायचा, सांगायचं, हा नियम. पण आमच्याकडे टोबणी करताना ओटीत उरलेलं बी कोणी घरी नेत नाही. ते धुऱ्याशी मातीत टाकून द्यायचं, नाहीतर शेत रुसतं म्हणतात. मामाजींनी उरलेला सुरुंग धुऱ्याशी पुरला आणि हात झटकले. कागदावर तो त्या ओळीतच लिहिला गेला. लढाईनंतर सुरुंग काढणाऱ्यांना ओळीत एक कमी भरला. एखाद्या जनावराने उडवला असेल असं समजून त्यांनी शेत मोकळं केलं. पुढच्या उन्हाळ्यात पलटणीत खबर आली की एका शेतकऱ्याचा पाय धुऱ्याशी गेला. "मुझे तभी पता चल गया था," मामाजी म्हणाले. "मैं बोला नहीं."

गुरबचनने बाजेला टेकवलेला पाय जवळ ओढला. मग म्हणाला, "कपास का बीज समझ के मेरे खेत में बम बो दिया?"

"हाँ."

"और चौंतीस साल बाद बताने आया है. पदक लगा के."

मामाजींनी पदकं काढली नाहीत, झाकलीही नाहीत. ते म्हणाले, "माफी माँगने नहीं आया. एक ही था, ये बताने आया हूँ. दूसरा नहीं है."

मग मला कळलं की ते कशासाठी आले. विहिरीपलीकडे गहू हिरवागार होता, पण धुऱ्याला लागून पाच हात रुंदीची एक पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती गवताची होती. एक निघाला तर दुसराही असेल, या भीतीने तिथे चौतीस वर्षांत नांगर गेला नव्हता. फौजेने तेव्हाही शेत साफ आहे असंच सांगितलं होतं, हे गुरबचन विसरला नव्हता. त्याने पट्टीकडे हात केला. "एक ही था ना? चल के दिखा."

मी म्हटलं, "मामाजी, नका जाऊ. चौतीस वर्षांपूर्वी अंधार पडता पडता काय केलं ते तुम्हाला नक्की आठवतं का?"

"तुमी धुऱ्यावर उभे राहा," ते म्हणाले. "पत्रकारायची जागा थेच हाय."

त्यांनी बूट काढले. गवतात उतरले आणि टाचेला चवडा लावत, मध्ये बोटभरही जागा न सोडता, चालू लागले. प्रत्येक पाऊल आधी टेकवायचे, मग त्यावर सगळा भार द्यायचे. ट्रॅक्टर धुणाऱ्या मुलाने पाणी बंद केलं. पट्टीच्या दुसऱ्या टोकाला पोचायला त्यांना वीसेक मिनिटं लागली. तिथे छातीला हात लावून थोडं थांबले, हातभर सरकले, आणि दुसऱ्या ओळीने तसेच परत आले. पाच हातांची पट्टी होती. अशा आणखी तीन फेऱ्या झाल्या असत्या तर ती पुरती तुडवून झाली असती. ते तिसरीसाठी वळत असताना स्मारकाकडून आम्हाला स्टेशनवर नेणाऱ्या बसचा हॉर्न ऐकू आला. मी ओरडलो, "मामाजी, बस निघाली. गाडी चुकेल." ते म्हणाले, "तीन फेऱ्या राह्यल्या." मी पुन्हा ओरडलो. बस अजून अर्धा तास थांबणार होती हे मला माहीत होतं. मला ते बघवत नव्हतं, एवढंच कारण होतं, आणि पट्टीत उतरून त्यांना धरून आणायची माझी छाती नव्हती.

मामाजींनी गुरबचनकडे पाहिलं. तो म्हणाला, "जा फौजी. तेरा दामाद डर गया है." चहा विचारला नाही. मुलाने मात्र जाताना माझ्या वहीत फोन नंबर लिहून दिला.

परतीच्या गाडीत झाशीला त्यांनी पदकांचा खिसा चाचपला. मग म्हणाले, "तुमच्या बसपायी काम अर्धं राह्यलं." मी वही बाहेर काढली. "हे छापाचं नाही. मी जित्ता हाओ तवर नाही. पुढच्या साली येतो अन् पुरं करतो." मी विचारलं, शेजाऱ्याला पळाला म्हणालात, त्याचं काय? ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "थे म्हनलं थे म्हनलं." नंतरही त्यांनी ते कधी मागे घेतलं नाही. त्या बाईच्या घरासमोरून ते अखेरपर्यंत तसेच ताठ जायचे. पुढच्या डिसेंबरात ते दवाखान्यात होते. त्याच्या पुढच्या डिसेंबरापर्यंत ते राहिले नाहीत.

गेल्या आठवड्यात मी वहीतला नंबर लावला. मुलाने उचलला. मी सांगितलं, फौजी गेला. तो वडिलांना सांगायला गेला आणि परत आला. मी विचारलं, पट्टीचं काय केलं? "दो लाइन सरसों बोई है जी," तो म्हणाला. "हाथ से. जहाँ उनके पैर पड़े थे, बस उतनी. पहली बार पिछले साल आई, इस साल भी अच्छी है." त्याने सांगितलं की पिवळ्या फुलांच्या त्या दोन रेघा रस्त्यावरूनही दिसतात. येणारे-जाणारे विचारतात, एवढी जागा सोडून मध्येच दोनच ओळी का.

"और बाकी?"

"बाकी घास है."

मागून म्हाताऱ्याचा आवाज आला. मुलाने ऐकून घेतलं, थोडा घुटमळला, आणि मग जसंच्या तसं सांगितलं. "बापू पूछ रहे हैं... बाकी का कौन चलेगा?"