मामीनं कबूल केलं

दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो, हे आमच्या झाडीपट्टीत लहान पोरालाही ठाऊक असतं. नव्वदच्या दशकातल्या त्या उन्हाळ्यात मी बारा वर्षांची होते. मामा गडचिरोलीकडच्या जंगलातल्या गावात राहायचा आणि रोज पहाटे तेंदूपत्ता तोडायला जायचा. त्या जंगलात वाघ होता. वाट चुकणं म्हणजे काय, ते मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

पण चंद्रपूरहून येताना मी भाड्याच्या लायब्ररीतलं एक पुस्तक आणलं होतं. त्यातल्या राज्यात माणसांच्या सावल्या बोलायच्या आणि मालकानं केलेलं सगळं चव्हाट्यावर मांडायच्या. तरी तिथं राजाचा खजिनदार मारला गेला, आणि एकही सावली तोंड उघडेना. संध्याकाळी माझ्याकडून एवढं ऐकून, पुढं काय झालं या विचारानं मामीची झोप उडाली. दुसऱ्या दिवशी दुपारी वाळलेली मोहफुलं निवडता निवडता तिनंच पळवाट काढली.

"सांगू नको न मंग. वाच. वाचलेलं काई लागत नाई."

मी मोठ्यानं वाचत सुटले. मामा जेवायला घरी यायचा, तो आला नाही. चार वाजले तशी मामीची बोटं थांबली. बाकीचे पत्ता तोडणारे केव्हाच परतले होते, आणि मामा त्यांच्यात नव्हता. पुस्तक बंद कर, हात लावू नको, असं बजावून मामी शेजाऱ्यांसोबत नाल्याकडे धावली.

घरात मी एकटी. आता एक जरी पान उलटलं तरी मामा आणखी आत, आणखी चुकीच्या वाटेला लागणार, याची मला पक्की खात्री होती. आणि अकराच पानं उरली होती.

मी ती वाचली. खुनी निघाला राजवाड्याचे दिवे लावणारा. त्यानं दिवेच विझवले होते, आणि अंधारात सावली कुठली पडायला? काय गोड वाटलं म्हणून सांगू! असली पुस्तकं पुढे ढिगानं वाचली, पण इतकी घाबरून आणि इतक्या चवीनं एकही नाही. मग दाराकडे पाहिलं. मामा अजून आला नव्हता.

दिवस बुडताना मामा आला, मामीच्या मागून, पाय काट्यांनी ओरबाडलेले. रोजचीच वाट, पण नाल्यापाशी कुठं वळलो ते समजलंच नाही, म्हणाला. मामीनं त्याच्या हातात पाण्याचा लोटा दिला आणि सरळ सांगून टाकलं.

"मीच पोरीले दिवसा वाचाले लावलं. माह्यापायी झालं हे."

मामा तिच्यावर रागावला नाही. पाणी पिऊन त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. "पोरगी भेली," एवढंच म्हणाला.

मला रडू फुटलं. मामा सुखरूप आला म्हणून रडते, असं दोघांनाही वाटलं. मामी गेल्यावर वाचलेल्या अकरा पानांबद्दल मी काही बोलले नाही.