देठ मोडून फोटो पाठव

पडदा वर जातो तेव्हा समोर एक टेबल, एक खुर्ची, खिडकीत वाळत घातलेले ब्रश आणि भिंतीला टेकवून ठेवलेली, गुंडाळलेल्या कापडांची चळत. खुर्चीत आमचे पेंटर. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हातात मोबाईल आणि मोबाईलच्या काचेवर एक पान.

आमच्या नाटक कंपनीचे सगळे पडदे पेंटरनी रंगवले. त्यांच्या जंगलात मी कितीदा तरी वाट चुकले, रडले आणि टाळ्या घेतल्या. खरं जंगल त्यांनी कधी पाहिलं नाही. एकेक झाड पुस्तकातल्या फोटोंवरून काढलेलं. कंपनी बंद पडली, पण झाडं ओळखायची ती नजर शिल्लक राहिली. मोबाईलवर एक गट आहे. कुणी उष्ण, पावसाळी मुलखात फिरायला जातं, अनोळखी झाडाचा फोटो टाकतं, हे काय म्हणून विचारतं. पेंटर सांगतात. चुकले तर लपवत नाहीत. "केळ म्हणालो, ते हेलिकोनिया निघालं, केळीसारख्या पानांचं फुलझाड. फूल आधी दाखवलं असतंत तर माझी लाज राहिली असती."

त्यांची मुलगी अशाच मुलखात नोकरीला गेली. आई गेल्यावर घरात दोघंच उरलेली. त्यामुळं ती निघताना पेंटर तोंडाला येईल ते बोलले आणि तिला पोचवायलाही गेले नाहीत. तिनं बोलणं टाकलं. पुष्कळ महिने कोरडे गेले. मग एक दिवस तिच्याकडून फोटो आला. मोठं, तुकतुकीत, कडा खोल चिरत गेलेलं पान. खाली एवढंच, "हे कशाचं?"

मी समोरच चहा पीत होते.

"नीरफणस," पेंटर लगेच म्हणाले. "फणसाचा चुलतभाऊ."

"मग कळवा की तिला."

"कळवलं की संपलं, बाई. 'बरं' म्हणेल आणि पुन्हा गप्प बसेल."

आणि त्यांनी लिहिलं, "नक्की सांगता येत नाही. देठ मोडून फोटो पाठव. चीक येतो का बघायचंय."

चीक आला. मग त्यांनी पानाची मागची बाजू मागवली. मग खोडाची साल. "एवढी चौकशी तर सोयरीक जमवतानाही कुणी करत नाही," मी म्हटलं. "तुम्ही चहा प्या," म्हणाले, पण गालातल्या गालात हसत होते. तिकडून एकेक शब्द वाढत होता. 'साल पाठवते. इथं फार उकडतं.' हे त्यांनी मला पुन्हा पुन्हा वाचून दाखवलं, जणू मोठं स्वगतच.

घोळ झाला तो फळाच्या फोटोनं. पेंटरनी तो दोन बोटांनी मोठा केला आणि त्यांचा हात थांबला. फळामागं खोडावर पत्र्याची पाटी ठोकलेली होती, सार्वजनिक बागेत असते तशी. तिच्यावर ठळक अक्षरांत झाडाचं नाव. फोटो काढताना पोरीच्या ध्यानातच राहिलं नव्हतं.

"म्हणजे तिला पहिल्यापासून माहीत होतं," मी म्हटलं.

माणूस तापट, मला वाटलं आता भडकतात. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, पुन्हा घातला.

"आता काय विचारू तिला?" ते म्हणाले. "सगळं झाड मागवून झालं." इतका बारीक आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

"लिहू नका. बोला."

"काय बोलू?"

"मला काय विचारता? मी जन्मभर दुसऱ्यानं लिहून दिलेलं बोलले. हे तुमचं तुम्हीच."

त्यांनी फोन लावला. पलीकडून "बाबा?" आलं आणि आमचे नायक वाक्यच विसरले. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. पेंटर खाकरले.

"झाड ओळखलं गं," ते म्हणाले. "पण केवढं उंच आहे ते नुसत्या झाडावरून कळत नाही. मोबाईल दुसऱ्या कुणाच्या तरी हातात दे, आणि तू झाडाखाली उभी राहा."