बाळारामदादांचं पदनाम

मंडळी, आज दुपारपासून इतकं हलकं वाटतंय की सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आमच्या पाणीपुरवठा विभागातले बाळारामदादा कागदोपत्री 'मदतनीस', पण पंपहाउस सगळं तेच चालवतात. जुनी पदनामं बदलावीत म्हणून आमची युनियन दोन वर्षं मागे लागली आहे. त्यासाठीच आज वरचे साहेब प्रत्यक्ष काम बघायला आले. विभागाचा कारकून म्हणून दादांच्या कामाची माहिती फॉर्मवर मीच भरली होती.

"तुम्ही काय काम करता?" साहेबांनी विचारलं.

"काय नाय साहेब, मदत करतो."

आता माझा फॉर्म खोटा ठरणार आणि दादांचं नवं पद हुकणार!

"पंप कोण चालू करतं?"

"मीच."

"बिघडला तर?"

"मीच बघतो."

"मग मदत कोणाला करता?"

दादांनी मागे वळून पाहिलं. "तसा इथं दुसरा कोण नाय, साहेब."

साहेब हसले आणि त्यांनी 'पंपचालक' पदासाठी शिफारस लिहिली.

सुटलो! तरी एक बोचतंय. इतकी वर्षं हजेरीपटावर दादांच्या नावापुढे 'मदतनीस' मीच लिहीत आलो. मला कधीच कसं खटकलं नाही?

तुमच्याही ऑफिसात असं कोणी असेल. ते काय काम करतात, उद्या विचारून बघाल? फक्त पहिल्या उत्तरावर थांबू नका.