पिल्बीमांचा चष्मा

इंग्लंडातल्या आमच्या बर्नली गावात भुताखेतांचे दावे तपासायचा नाद एकट्या आर्थर पिल्बीमांना होता. कुठे मृतात्मे बोलावण्याची बैठक भरली की पोस्टातून निवृत्त झालेला हा माणूस जमिनीवर पीठ भुरभुरून ठेवी आणि दिवा लागल्यावर पिठातली माणसाची पावलं दाखवी. असे सात लबाड त्यांनी चारचौघांत उघडे पाडले.

मग त्यांची बहीण विनिफ्रेड समोर बसून त्यांच्या हातातले चांदणी, वर्तुळ अशा पाच खुणांचे पत्ते न बघताच ओळखू लागली. पंचविसांत एकोणीस बरोबर. असल्या गोष्टींचा अभ्यास करणाऱ्या लंडनच्या संशोधन मंडळानं पिल्बीमांना या प्रयोगावर निबंध वाचायला बोलावलं. आयुष्यभर याचीच वाट पाहिली होती त्यांनी.

जायच्या आधीच्या रविवारी आम्ही शेजारी त्यांच्याकडे चहाला जमलो. प्रयोग दाखवायला पिल्बीमांनी मला विनिफ्रेडच्या खुर्चीत बसवलं, पत्ता उचलला, आणि तो मला त्यांच्या चष्म्याच्या काचेत स्वच्छ दिसला.

"चांदणी," मी म्हटलं. "अहो पिल्बीम, आत्मा तुमच्या नाकावरच बसलाय की."

सगळे खो खो हसले. विनिफ्रेड पुटपुटली, "मला वाटायचं, मनातच दिसतंय." लालबुंद झालेल्या पिल्बीमांनी चष्मा काढून तिच्यासमोर पुन्हा पंचवीस पत्ते धरले. पाचच बरोबर आले, नुसत्या अंदाजानं कुणाचेही येतील तेवढेच.

तिथंच त्यांनी मंडळाला पत्र लिहिलं, निबंध मागे घेतो म्हणून. खाली माझं नाव आणि आभार.

"माझं कशाला? मी नुसती थट्टा केली."

"चूक कुणी शोधली ते लिहावंच लागतं, मिसेस हॉलरॉइड."

हे मी त्यांना स्वयंपाकघरात नेऊन हळूच सांगू शकले असते. कप विसळताना माझी मान काही वर होईना.