मनाची गोळी, खाजेची गोळी

धाकटी नाजूक आणि मी दणकट, हे आमच्या आईने आम्ही पाळण्यात असतानाच ठरवून टाकलं. मी चाळिशीला आले तरी त्यात काना-मात्रेचा फरक नाही.

धाकटी तिकीटखिडकीवर बसते. समोर रांग लांबली की तिचे हात थरथरतात, छाती धडधडते. डॉक्टरांनी तिला गोळी दिली, ती झाली ‘मनाची गोळी’. मी उशा भरायच्या कारखान्यात मशीनवर असते. कापसाची धूळ बसली की माझ्या अंगभर गांधी उठतात. मला दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या डॉक्टरांनी गोळी दिली, ती ‘खाजेची’. तिची गोळी आईच्या कपाटात, माझी चमच्यांच्या खणात.

धाकटी जेवताजेवता पेंगली की आई तिच्या डोक्याखाली उशी सरकवायची. औषधाची गुंगी आहे गं, म्हणायची. मी पेंगले की कुंभकर्णाची बहीण. आणि ती उशीसुद्धा मीच भरलेली! माझा नुसता जळफळाट व्हायचा. धाकटीला काही झालेलं नाही, सगळी थेरं आहेत, हे आईला एकदा दाखवून द्यायचंच होतं मला.

परवा तिच्या गोळ्या संपल्या आणि आणायला अर्थातच मला पिटाळलं. मी माझ्याही मागितल्या. औषधवाल्याने दोन्ही पाकिटं उलटी करून पाहिली. म्हणाला, कंपनी वेगळी, नाव वेगळं, आत औषध एकच. खाजेलाही देतात, घाबरण्यालाही. मला आकाश ठेंगणं झालं.

घरी येऊन पाकिटं आईपुढे आपटली.

“बघ तुझ्या लाडकीची मनाची गोळी. खाजेची आहे.”

आईने पाकिटं उचलून डोळ्यांजवळ धरली. बोलली ती धाकटी.

“म्हणजे ताई, तू सकाळी ही घेऊन मशीनवर उभी राहतेस? एवढ्या गुंगीत?”

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आईचा चेहरा पांढराफटक पडला. दोन वर्षं सांगितलं का नाहीस, म्हणाली.

“तू विचारलंस कधी?”

हे बोलताना मला रडू फुटलं. धाकटीसमोर रडल्याचा राग अजून गेलेला नाही.

आईने दुसऱ्याच दिवशी मला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सकाळची गोळी बंद केली, औषधच बदललं. आता दिवसा मी टक्क जागी असते.

रविवारी दुपारी जरा आडवी झाले, तर आईने धाकटीला दटावलं, भांडी मग घास, थोरलीचा डोळा लागलाय. धाकटीने मुद्दाम पातेलं ओट्यावर आपटलं.

मी डोळे गच्च मिटून पडून राहिले.